आयर्लंडमधील गुराढोरांच्या जुन्या चालीरीती आणि मुलांच्या वह्या: खानदेशात असे काम कसे करावे?

चोपड्याचा मास्तर (प्रश्न)

सर्व सभासदांस नमस्कार. चोपडा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीच्या वर्गांना शिकवतो. गावातील गुराढोरांच्या पालनाविषयीच्या जुन्या चालीरीतींची एक हस्तलिखित वही यंदा मुलांकडून तयार करून घ्यावी, असे मनात आहे. ही कल्पना मूळची आयर्लंडची. तेथे लोकपरंपरांच्या नोंदीसाठी १९३५ साली सरकारी आयोग स्थापन झाला आणि त्याने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांना घरातल्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवून त्यांची माहिती वह्यांत उतरवून घेतली. या कामात २६ परगण्यांतील सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० हून अधिक मुले सहभागी झाली होती. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेल्या असून संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. मुलांना दिलेल्या विषयांत शेतावरील जनावरांची निगा हाही एक विषय होता, एवढे मला ठाऊक आहे.

अडचण अशी आहे की आपल्या मुलांसमोर 'पोळा' हा शब्द उच्चारला की ती निबंध लिहून मोकळी होतात. बैल हा शेतकऱ्याचा खरा मित्र आहे, त्याला या दिवशी पुरणपोळी खाऊ घालतात, आणि विषय संपला. ज्या घरात आजही दावणीला चार ढोरे आहेत, त्या घरातला मुलगाही हेच लिहितो. म्हणून जाणकारांना विचारतो: आयरिश मुलांनी नेमके काय लिहून ठेवले, त्यांना प्रश्न कसे घातले होते, आणि आपल्या तापी-गिरणेच्या पट्ट्यात तसेच काही विचारायचे झाले तर सुरुवात कोठून करावी?

धुळेकर वाचक

गुरुजी, त्या वह्या मी सवडीने वाचत आलो आहे. माझ्या मते त्यांचे सारे रहस्य प्रश्नांच्या साधेपणात आहे. 'तुमच्या भागातील पशुविषयक परंपरा सांगा' असे त्या मुलांना कोणी म्हटले नाही. घरातल्या गाईंची नावे काय, गोठा कसा आहे, गाय गळ्याला बांधतात की शिंगांना की पायाला, दावे कशाचे असते, वासराला, डुकराला, कोंबडीला हाक कशी मारता, अंडी उबवायला कधी व किती ठेवता, अशा प्रश्नांना मुलांनी उत्तरे दिली आहेत. अशा प्रश्नाला निबंध लिहिताच येत नाही. गोठ्यात जाऊन पाहावे लागते किंवा आजीला विचारावे लागते.

अंड्यांचेच उदाहरण घ्या. खुडुक कोंबडीखाली बहुधा १३ अंडी ठेवत, संख्या विषमच हवी असे, आणि प्रत्येक अंड्यावर चुलीतल्या काजळीने किंवा जळक्या काडीने खूण करत. ती खूण कित्येकदा क्रुसाची असे. खुणेचा व्यवहारातला उपयोग उघड आहे: कोंबडीने नंतर घातलेले ताजे अंडे त्यामुळे ओळखता येते. पण लिहिणारे मूल उपयोग आणि श्रद्धा असे दोन कप्पे करत नाही. घरात जसे सांगितले गेले तसे ते एका दमात लिहून टाकते, आणि त्यामुळेच त्या नोंदीला मोल आले आहे.

गोठ्याविषयीही असेच बारकावे सापडतात. पश्चिमेकडील गरीब घरांत माणसे आणि गाई एकाच छपराखाली राहत. चुलीकडची बाजू माणसांची, उताराकडची गाईंची, मध्ये मोरीसारखी नाली. गाईला चुलीतला विस्तव दिसत राहिला तर ती दूध अधिक देते असा समज होता. गोठ्यात शिरताना 'देव यांचे भले करो' अशा अर्थाचे शब्द उच्चारावेच लागत. न उच्चारता कोणी जनावराची स्तुती केली की त्याची नजर लागली असे घरचे धरून चालत. दूध काढून झाल्यावर फेसात बोट बुडवून गाईच्या कुशीवर क्रूस काढण्याची चाल होती. दाराला घोड्याचा नाल आणि गाईच्या शेपटीला लाल फीत, हेही ठिकठिकाणी आढळते.

वर्षातला सर्वांत जोखमीचा दिवस १ मे. त्या दिवशी घरातून दूध, लोणी, मीठ किंवा विस्तव यांपैकी काहीही बाहेर जाऊ द्यायचे नाही, कारण त्यांच्याबरोबर वर्षभराचे लोणी शेजाऱ्याकडे निघून जाते अशी धास्ती असे. पहाटेच्या दवात एखादी म्हातारी सशाचे रूप घेऊन दुसऱ्याच्या गाईला लुचते, कोणीतरी त्या सशाला गोळी घालतो, आणि नंतर त्या म्हातारीच्याच पायाला जखम दिसते, ही कथा तर परगण्यापरगण्यांत सांगितली जाई. याच दिवशी गुरे दोन विस्तवांमधून हाकत नेण्याची चाल फारच जुनी आहे. इसवी सन ९०० च्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात तिचा उल्लेख असून रोगराईपासून बचाव हे कारणही तेथेच दिले आहे.

बाकीचे सण थोडक्यात सांगतो. १ फेब्रुवारीला गाईगुरांची कैवारी मानलेल्या संत ब्रिजिटचा दिवस येतो. लव्हाळ्याचा क्रूस विणून घरात आणि गोठ्यात टांगतात. आदल्या रात्री बाहेर ठेवलेले फडके जपून ठेवत आणि गाय अडली की तिच्या पाठीवर घालत. नोव्हेंबरमध्ये संत मार्टिनच्या आदल्या संध्याकाळी कोंबडा किंवा हंस कापून त्याचे रक्त उंबऱ्यावर व घराच्या चार कोपऱ्यांत शिंपडत. नाताळच्या मध्यरात्री गुरे गुडघे टेकतात आणि बोलतात असा समज होता. त्या रात्री त्यांना वाढीव चारा मिळे, मात्र त्यांचे बोलणे चोरून ऐकणाऱ्याची खैर नसे.

सातपुडा पायथा

धुळेकर दादांनी छान सांगितले. मी शहादा भागातला शेतकरी. आमच्या गोठ्यात अजून बैलजोडी आहे. हे वाचताना साम्यापेक्षा फरकच माझ्या डोळ्यांत भरला. त्यांच्याकडे सगळा जीव गाईत आणि तिच्या लोण्यात अडकलेला दिसतो, तर आपल्याकडे तो बैलात आहे. पाऊस बारमाही आणि हवा सौम्य असल्यामुळे तिकडे गवत जवळजवळ वर्षभर हटत नाही. गाय चरते, दूध देते आणि पूर्वी कुळांचे जमिनीचे भाडेही बव्हंशी लोण्यातून व डुकरातून फिटे. डुकराला तर तिकडे 'भाडे भरणारा सद्गृहस्थ' असे थट्टेने म्हणत, हे मी वाचले आहे. आपल्या काळ्या जमिनीत कपाशीला वखर-कोळपे चालवायचे तर बैलच हवा, आणि गवत चार महिन्यांचे, पुढचे आठ महिने दादरच्या (ज्वारीच्या) कडब्यावर काढायचे. त्यामुळे तिकडचा मोठा दिवस राखणीचा ठरला आणि आपला पोळा कष्टाची परतफेड करण्याचा.

मुलांना पोळ्याविषयी विचारायचेच असेल तर पोळ्याच्या आदल्या दिवसाविषयी विचारा. त्या दिवशी जू उतरवून बैलांना धुतात आणि तूप किंवा लोण्यात हळद कालवून त्यांचे खांदे मळतात. हा नुसता विधी नसतो. तळहाताने दाबत दाबत मळताना खांद्यावरची गाठ कोठे आली आहे, कातडी कोठे सोलवटली आहे, कोणत्या बाजूचा बैल जास्त ओढतो, हे हाताला कळते, आणि पुढच्या हंगामात जोडीची बाजू बदलायची की नाही ते तेथेच ठरते. मग कानाशी जाऊन 'आज आवतण, उद्या जेवायला या' असे म्हणायचे. वहीत हे सविस्तर यावे. झूल, गोंडे आणि हिंगूळ तर मिरवणुकीच्या फोटोतही दिसतात.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडची माणसे सारखी निघाली, ती म्हणजे बाजारात. आयर्लंडच्या जत्रांत सौदा पटावा म्हणून एखादा तिऱ्हाईत दोघांचे हात ओढून एकमेकांवर मारायला लावतो, आणि सौदा झाल्यावर विकणारा थोडी रक्कम शकुनाची म्हणून घेणाऱ्याला परत देतो. आपल्याकडे दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगतो. बॅलिनस्लो गावी ऑक्टोबरात घोड्यांची मोठी जत्रा भरते. आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी भरणारा घोडेबाजार पाहिलेल्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. केरी परगण्यातील किलॉर्ग्लिन येथे मात्र ऑगस्टच्या १० ते १२ तारखांना डोंगरातून धरून आणलेल्या बोकडाला मुकुट घालून जत्रेचा राजा करतात. याला आपल्याकडे तोड नाही. आपल्याकडे बोकडाच्या नशिबी जत्रेत वेगळेच काही असते.

जनावर विकले तरी दोर द्यायचा नाही, नाहीतर गोठ्याची बरकत जाते, असेही आयर्लंडमध्ये काही ठिकाणी मानत. तेव्हा मुलांना हे जरूर विचारायला लावा: तुमच्या घरचा बैल विकला तेव्हा दावे कोणाकडे राहिले?

निवृत्त पशुवैद्य, जळगाव

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. फक्त एक सावधगिरी सुचवतो. अशा वह्या पुढे छापायला घेतल्या की प्रत्येक रीतीमागे शास्त्रीय कारण चिकटवण्याचा मोह होतो. विस्तवामधून गुरे नेली म्हणजे धुराने गोचीड मरतात, लाल फितीने अमुक होते, असे बिनदिक्कत लिहिले जाते. मैसूर भागातही संक्रांतीला गुरांना पेटत्या गवतावरून उडी मारायला लावतात आणि तेथेही असेच खुलासे ऐकायला मिळतात. विस्तवापाशी काही क्षण धावत गेलेल्या जनावराच्या अंगावरचे गोचीड पडत नाहीत, हे गोठ्यात काम केलेला कोणीही सांगेल. लोकांनी जे कारण सांगितले तेच लिहावे, आपल्या पदरचे घालू नये.

काही रीती मात्र जनावराच्या जिवाशी थेट निगडित असतात, आणि त्यांची नोंद बारकाईने व्हायला हवी. गाय व्यायल्यानंतरच्या चिकाचे पाहा. आयर्लंडमध्ये पहिल्या चिकातला थोडा जमिनीवर, अदृश्य शक्तींच्या वाट्याचा म्हणून ओतत. आपल्याकडे खरवस करून देवाला दाखवतात आणि शेजारी वाटतात. वासराला जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत चीक मिळणे अत्यावश्यक असते, कारण आईच्या पोटात असताना त्याला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत आणि ती चिकातून शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची क्षमता एका दिवसात जवळजवळ संपते. आमच्या नोकरीच्या काळात 'वार (व्यायल्यानंतर गर्भाशयातून पडणारे आवरण) पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही' हा समज अनेक गोठ्यांत होता आणि त्यापायी वासरे अशक्त राहत. उलट काही घरांत आजीबाई वासराला लगोलग आचळाला लावत. म्हणून मुलांना असे विचारावे: वासरू जन्मल्यावर पहिल्यांदा कोण काय करते, चीक किती वेळाने पाजतात, वार पुरतात की टाकतात आणि कोठे?

आजाराच्या उपचारांविषयीही विचारावे. आयरिश शेतकरी पोटदुखीने तळमळणाऱ्या गाईच्या पाठीवर दोरीला एक विशिष्ट गाठ मारून ती ओढत. गाठ सरकन सुटली तर जनावर बरे होणार, अडकली तर आशा नाही, असे मानत. गाय अचानक आजारी पडली की तिला अदृश्य लोकांचा बाण लागला असे म्हणत, आणि शेतात सापडलेली गारगोटीची प्राचीन बाणाग्रे पाण्यात टाकून ते पाणी तिला पाजत. आपल्याकडे काळा दोरा, बिबा, कवड्यांची माळ आहेतच. शिवाय पोटफुगीवर गोडेतेल पाजणे, खुरांच्या जखमेला बिब्याचा चटका देणे यांसारखे प्रत्यक्ष उपचारही आहेत. वहीत दोन्ही लिहावे, पण मुलांनी ते करून पाहू नये, अशी ठळक सूचना पहिल्या पानावर असू द्यावी. बिब्याच्या तेलाने माणसाची कातडीही भाजते.

यावलची लेक

येथे आतापर्यंत झालेली चर्चा बाजार, बैल आणि डॉक्टर यांच्याभोवती फिरली, म्हणून थोडे वेगळे लिहिते. आयर्लंडमध्ये धार काढणे, लोणी घुसळणे, कोंबड्या पाळणे ही बायकांची कामे होती, आणि लोण्या-अंड्यांचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातातला पैसा होता. घुसळण चालू असताना जो कोणी घरात येईल त्याने रवीला दोन हात मारल्याशिवाय जायचे नाही. तो तसाच गेला तर लोणी त्याच्याबरोबर जाते. मला यात भीतीइतकीच घरधनिणीची हुशारीही दिसते, कारण त्या कामाने खांदे भरून येतात आणि आयता मदतनीस कोणाला नको असतो?

पूर्वी उन्हाळ्यात मे ते ऑक्टोबर गुरे डोंगरावरच्या कुरणांत नेत आणि तेथल्या दगड-मातीच्या खोपट्यांत गावच्या तरुण मुली राहत, दूध काढत, लोणी करून खाली पाठवत. ही प्रथा मेयो परगण्यातील अ‍ॅकिल बेटावर आणि डोनेगॉल, कॉनेमारा या भागांत बरीच उशिरापर्यंत टिकली. अ‍ॅकिलवर स्लीव्हमोर डोंगराच्या उतारावर अशा घरांचे अवशेष आजही उभे आहेत. आपल्याकडे साक्री भागातील ठेलारी मेंढपाळांचे फिरणे याच्या नेमके उलट चालते: पावसाळा सरला की ते कुटुंबकबिल्यासह बाहेर पडतात, शेतांत मेंढ्या बसवत फिरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तिकडे हिरव्या उन्हाळ्यासाठी डोंगर गाठायचा, इकडे कोरड्या महिन्यांत चारा शोधत दूर जायचे. ठेलाऱ्यांची मुले तुमच्या शाळेत काही महिनेच येत असतील, तर त्यांच्या वहीची पाने आधी भरून घ्या.

पुढे तेथे दूध सहकारी लोणी कारखान्यांत जाऊ लागले. पहिला असा कारखाना १८८९ साली लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलॉहर येथे, होरेस प्लंकेट यांच्या सहकारी चळवळीतून निघाला. घरातली रवी हळूहळू थांबली, लोणी करण्याचे काम पगारी पुरुषांकडे गेले आणि बायकांच्या हातातला पैसाही आटला. संकलन केंद्रावर कॅन पोहोचवणारा आणि बिलावर सही करणारा कोण, हे आपल्या गावात पाहिले तर फारसे निराळे चित्र दिसणार नाही. म्हणून गुरुजी, मुलांना केवळ आजोबांकडे पाठवू नका. वसुबारसेला गहू आणि दूध का वर्ज्य करतात, हे आजोबा सांगतील. पण गाय पान्हा सोडत नसेल तर तिच्याशी काय बोलायचे, तिला कोठे खाजवायचे, वासरू दगावलेल्या गाईची धार कशी काढायची, हे आजीच सांगेल.

चोपड्याचा मास्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांवरून मी पहिल्या सत्राचे प्रश्न असे ठरवले आहेत. घरातल्या प्रत्येक जनावराचे नाव काय आणि ते कोणी ठेवले; गोठा घराच्या कोणत्या बाजूला आहे, पूर्वी कोठे होता; कोणते ढोर कशाने व कोठे बांधतात आणि ते दावे कोणी वळले. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात पुढच्या दोन खणांत बैल असत आणि आम्ही त्यांच्या गव्हाणीवरून उड्या मारत आत जात असू, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला गावात बरीच उत्तरे मिळतील असे वाटते. वासराच्या जन्माचे, विक्रीच्या वेळच्या दाव्याचे आणि धारेचे प्रश्न दुसऱ्या सत्रात घेईन. धारेच्या प्रश्नांसाठी आजी किंवा आई यांच्याकडेच जावे, असे मुलांना सांगेन. पोळ्याचा प्रश्न सर्वांत शेवटी येईल आणि तो फक्त खांदेमळणीपुरता असेल.

एक शंका उरते. उत्तरे अहिराणीत आली तर ती तशीच ठेवावीत की प्रमाण मराठीत उतरवावीत?

धुळेकर वाचक

तशीच ठेवावीत. आयर्लंडच्या वह्यांतही काही मुलांनी आयरिशमध्ये लिहिले आणि बहुतेकांनी इंग्रजीत, पण जनावरांना मारायच्या हाका मात्र इंग्रजी पानांवरही जशा घरात मारत तशाच उतरवल्या आहेत. तुमच्या यादीत हाका दिसत नाहीत. त्या पहिल्याच सत्रात घ्या. बैल थांबवताना, वळवताना, कोंबड्या खुराड्यात घालताना, वासरू सोडताना काय म्हणतात, एवढेच विचारायचे.

सातपुडा पायथा

आणि बैल पाणी पिताना घालतात ती शीळही. ती कागदावर कशी लिहायची हा मुलांचा प्रश्न; पण त्यांना दुपारी पाठवू नका. दिवस मावळायला ढोरे रानातून परततात आणि हौदावर येतात, त्या वेळी वही घेऊन जाऊ द्या. दुपारी विचारलेत तर म्हातारा माणूस खाटेवर पडल्या पडल्या पोळ्याचा निबंधच सांगेल.